‘जॅगरी’चं माहेर कुठलं? गोडाच्या इंग्रजी शब्दांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका पाटीवर ‘ऑरगॅनिक जॅगरी’ अशी देवनागरी अक्षरं दिसली. पाटीखाली काळ्याभोर गुळाच्या ढेपी आणि ढेपींमागे बसलेली बाई गिऱ्हाइकाला सांगत होती, ‘माडाचें गोड, बाय, माडाचें!’ म्हणजे एकाच वस्तूला पाटीवर एक नाव आणि तोंडात दुसरं. त्यावर मी कुठेतरी चार ओळी लिहिल्या आणि तेव्हापासून प्रश्न थांबलेले नाहीत. भाषांतर करणारे विचारतात, शिक्षक विचारतात, दुकानदारही विचारतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात उगाळलेली नाही. तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘जॅगरी’ म्हणजे आपला गूळच ना? मग एवढी चर्चा कशाला?

आजच्या इंग्रजीत हो, कुठलाही गूळ म्हणजे जॅगरी. कोल्हापूरचा पिवळा असो की गोव्याचा काळा. पण शब्द इंग्रजीत शिरला तेव्हा त्याचा अर्थ अरुंद होता. माड, ताड, शिंदी अशा झाडांचा गोड रस आटवून केलेला गूळ, तो जॅगरी. उसाचा गूळ त्या नावाखाली नंतर आला.

गोव्यात हा फरक अजून जिभेवर आहे. रेंदेर, म्हणजे माडाचा रस काढणारा, माडावर चढतो, पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, कातीनं तासतो, तिला मडकं बांधतो आणि त्यात सूर, म्हणजे तो गोड रस, जमते. सूर तशीच ठेवली तर काही तासांत आंबते आणि मग तिची वाट दारूकडे जाते. ताजी असतानाच मोठ्या भांड्यात घालून तासन्‌तास आटवली तर गूळ होतो. तो काळपट असतो, चवीला किंचित खारट आणि धुरकट, आणि ढेप पिरॅमिडसारखी निमुळती. दोदोल ही नारळाच्या रसातली मिठाई करणारी बाई उसाचा गूळ समोर धरला तर नाक मुरडते. इंग्रजीतली मूळची जॅगरी ही या काळ्या ढेपीच्या जातकुळीतली.

२. हा शब्द इंग्रजीत आला कसा?

पोर्तुगिजांच्या हातून. १४९८ मध्ये ते कालिकतला उतरले आणि मलबारच्या किनाऱ्यावर माडाच्या गुळाचा व्यापार त्यांनी पाहिला. त्या वस्तूला मलयाळममध्ये ‘चक्कर’ म्हणत, कन्नडमध्ये ‘सक्करे’. दोन्ही शब्द संस्कृत ‘शर्करा’चे. पोर्तुगीज तोंडात त्याचं ‘जागरा’, ‘जाग्रा’ झालं. त्यांचा ‘ज’ आपल्या ‘ज’सारखा टणक नाही, ‘झ’ आणि ‘श’च्या मधला घासरा आहे, हे लक्षात घेतलं की ‘च’चा ‘ज’ कसा झाला ते कानाला पटतं. इंग्रजांनी तो पोर्तुगिजांकडून १६व्या शतकाच्या अखेरीस उचलला आणि शेपटी बदलून ‘जॅगरी’ केला.

केरळात गेलेल्या गोंयकारांचा एक अनुभव इथे जोडतो. तिथल्या दुकानात ‘शर्करा’ मागितली तर गूळ हातात येतो. साखरेला मलयाळममध्ये ‘पंचसार’ म्हणतात. पोर्तुगिजांनी ‘शर्करा’ कुळातला शब्द गुळासाठी का घेतला, याचं उत्तर त्या दुकानातच मिळतं.

३. म्हणजे ‘जॅगरी’ हा गोव्यानं इंग्रजीला दिलेला शब्द, असं अभिमानानं सांगायला हरकत नाही ना?

थोडी आहे. शब्दाचा घाट केरळाकडे बोट दाखवतो. आपल्याकडे त्या वस्तूचं नाव ‘गोड’ किंवा ‘गूळ’ (प्रश्न ११ पाहा), आणि यांपैकी कशाचाही ‘जागरा’ होत नाही. पोर्तुगिजांनी गोवा घेतला १५१० मध्ये. तोवर शब्द त्यांच्या खिशात असणार.

पण कागदावरचा एक मान गोव्याचा आहे. गार्सिया द ऑर्ता हा वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. इथल्या वनस्पती आणि औषधांवर त्यानं संवादरूपात लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. छापखाना येऊन तेव्हा सातच वर्षं झाली होती. माडाबद्दल सांगताना तो लिहितो की सुरेचं एक मडकं काढल्यावर माड जोरात असेल तर आणखी काढतात, ती उन्हात किंवा विस्तवावर आटवून साखर करतात आणि तिला जाग्रा म्हणतात. सूर आणि जाग्रा, दोन्ही शब्द एकाच परिच्छेदात. पणजीला चर्चसमोरच्या बागेला याच ऑर्ताचं नाव आहे. बाकांवर बसून शेंगदाणे खाणाऱ्यांपैकी किती जणांना ते ठाऊक असतं, हा प्रश्न वेगळा. ऑर्ता ज्यू वंशाचा होता. मृत्यूनंतर इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली, हेही त्याच गोव्यात घडलं.

म्हणून मी ‘गोव्यानं दिलेला’ म्हणत नाही. ‘गोव्यात छापला गेलेला’ म्हणतो. तेवढं पुरेसं आहे.

४. ‘शर्करा’चा मूळ अर्थ खडे, वाळू असा आहे म्हणतात. गोड पदार्थाला खड्याचं नाव कसं?

अर्थ बरोबर आहे. शर्करा म्हणजे बारीक खडे, कंकर. उसाचा रस आटवून त्यात दाणे धरले तेव्हा हाताला ते खडीसारखे लागले, म्हणून तेच नाव. आपण मराठीत हीच गंमत पुन्हा केली आहे. रस्त्यावर टाकतात ती खडी आणि देवापुढे ठेवतात ती खडीसाखर. ‘खडीसाखर’ हा शब्द फोडून वाचला तर ‘खड्यांचे खडे’ असा होतो.

जुना अर्थ वैद्यकात शिल्लक राहिला. सुश्रुतसंहितेत मुतखड्याला ‘अश्मरी’ म्हटलं आहे आणि तो फुटून झालेल्या बारीक कणांना ‘शर्करा’. आयुर्वेदाचं पुस्तक वाचताना ‘शर्करा’ दिसली की लगेच मधुमेह समजू नये. एका भाषांतरकार मित्रानं ती चूक केली होती आणि पुस्तक छापून झाल्यावर कळली.

५. ‘शर्करा’पासून ‘शुगर’पर्यंतचा रस्ता सांगाल का?

संस्कृत शर्करा, प्राकृत सक्करा, फारसी शकर, अरबी सुक्कर, मध्ययुगीन लॅटिन सुक्कारुम, जुनी फ्रेंच ‘सूक्र’ आणि तिथून १३व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी. शब्द ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं मालही गेला. ऊस पिकवण्याचं आणि दाणे पाडण्याचं तंत्र इराणात पोचलं, अरबांनी ते भूमध्य समुद्राभोवती, सिसिली आणि स्पेनपर्यंत नेलं.

एक खूण मजेशीर आहे. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये अरबांचं राज्य होतं, म्हणून तिथल्या भाषांनी शब्द अरबी ‘अल’ या उपपदासकट गिळला. स्पॅनिश ‘असूकार’, पोर्तुगीज ‘असूकर’. इटालियन ‘झुक्केरो’ला हे ‘अ’चं शेपूट पुढे चिकटलेलं नाही, इंग्रजीलाही नाही. गोव्यातल्या ज्या घरांत पोर्तुगीज बोललं जायचं तिथे स्वयंपाकघरात ‘असूकर’ होती आणि शेजारच्या घरात ‘साखर’. कुंपणाच्या दोन बाजूंना एकच शब्द. फक्त एक अरबस्तान फिरून आलेला.

६. ‘शुगर’मधला ‘श’ हा ‘शर्करा’तला ‘श’ आहे का? स्पेलिंगमध्ये तर ‘स’ आहे.

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण उत्तर ‘हो’ असावं असं सगळ्यांना वाटतं आणि ते ‘नाही’ आहे. प्राकृतात ‘श’चा ‘स’ झाला होता. फारसी ‘शकर’मध्ये ‘श’ दिसतो, पण अरबीत पुन्हा ‘स’, फ्रेंचमध्येही ‘स’. इंग्रजीत आला तेव्हा ‘स’च होता, स्पेलिंग त्याचीच साक्ष देतं. पुढे इंग्रजीत ‘स्यू’ असा जोड उच्चार काही शब्दांत घसरून ‘शु’ झाला. ‘शुअर’ या शब्दाचंही तेच झालं; त्याचं स्पेलिंगही ‘स’नं सुरू होतं. म्हणजे हा ‘श’ इंग्रजीनं घरच्या घरी तयार केलेला आहे. हजारो मैल फिरून शब्द जिथून निघाला त्याच ध्वनीवर परत आला, हा निव्वळ योगायोग.

७. मग जॅगरी, शुगर, सॅकरीन आणि साखर ही सगळी भावंडं?

सख्खी. इंग्रजीत एकाच मूळ शब्दानं तीन वेगवेगळ्या दारांतून प्रवेश केला. ‘शुगर’ अरबी आणि फ्रेंचमधून (प्रश्न ५), ‘जॅगरी’ मलबार आणि पोर्तुगिजांकडून (प्रश्न २), आणि ‘सॅकरीन’ ग्रीक-लॅटिनच्या पुस्तकांमधून.

ग्रीक शब्द ‘साख्खारोन’. यातला ‘ख’ बघा. पालीत शर्करेचं ‘सक्खरा’ होतं, ‘ख’सकट. तोच ‘ख’ ग्रीकात गेला आणि तोच आपल्या ‘साखर’मध्ये आहे. हिंदीच्या ‘शक्कर’मध्ये तो नाही, कारण ती फारसीच्या दारातून आली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस आणि रोमन लेखक प्लिनी दोघंही साखरेचा उल्लेख करतात, पण औषध म्हणून. चहात घालायची वस्तू व्हायला अजून दीड हजार वर्षं होती. त्याही आधी अलेक्झांडरबरोबर आलेल्या निआर्कसनं हिंदुस्थानात मधमाश्यांशिवाय मध देणारे बोरू असतात असं सांगितलं होतं. उसाचं याहून चांगलं वर्णन मला तरी सुचत नाही.

रासायनिक सॅकरीन १८७९ सालचं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॉन्स्टंटिन फालबर्ग कोळशाच्या डांबरातल्या संयुगांवर काम करत होता. जेवायला बसला तर पाव गोड लागला. हात न धुता जेवल्याचा इतका फायदा दुसऱ्या कुणाला झाला नसेल. पण ‘साखरेसारखं’ या अर्थाचं विशेषण इंग्रजीत त्याच्या दोनशे वर्षं आधीपासून होतं. फालबर्गनं ते फक्त बाटलीवर चिकटवलं. हे विशेषण मराठीत कसं आणायचं, ते प्रश्न १६ मध्ये.

८. ‘स्वीट’ हा शब्द संस्कृत ‘स्वादु’वरून आला, असा संदेश सारखा फिरतो. खरा आहे का?

अर्धा. ‘वरून आला’ हे चूक. ‘स्वीट’ आणि ‘स्वादु’ हे एकाच आजीची नातवंडं आहेत, एक दुसऱ्याचा बाप नाही. मूळ भारत-युरोपीय भाषेतल्या एका शब्दातून संस्कृतात ‘स्वादु’, लॅटिनमध्ये ‘सुआविस’, ग्रीकात ‘हेडिस’ आणि जुन्या इंग्रजीत ‘स्वेटे’ झाला. ‘शुगर’ आणि ‘कँडी’ आपल्याकडून गेले, म्हणून ‘स्वीट’ही गेला असं नाही. तो इंग्रजीत पहिल्यापासून घरचा.

या घराण्यातलं माझं आवडतं भावंड म्हणजे ‘पर्सुएड’, पटवणे. लॅटिन मुळात ते ‘एखादी गोष्ट गोड करून सांगणे’ असं आहे. आपण ‘गोडीगुलाबीनं घेणे’ म्हणतो त्यात अक्षर न अक्षर तेच. ‘हेडोनिझम’ म्हणजे सुखवादही याच कुळातला, ग्रीक बाजूचा.

९. ‘कँडी’ म्हणजे आपली खांड का?

हो. संस्कृत खंड म्हणजे तुकडा आणि साखरेचा खडाही. फारसीत कंद, अरबीत कंदी, फ्रेंचमध्ये ‘सूक्र कांदी’, इंग्रजीत आधी ‘शुगर कँडी’ असा जोडशब्द आणि मग पुढचा भाग गळून नुसता ‘कँडी’. म्हणजे जुनी ‘शुगर कँडी’ ही शब्दशः खडीसाखर. आज अमेरिकेत सगळ्या गोळ्या-चॉकलेटांना कँडी म्हणतात, इंग्लंडात स्वीट्स. आपल्या शाळांत वाढदिवसाला लिमलेटच्या गोळ्या वाटल्या तरी मूल घरी येऊन ‘चॉकलेट मिळालं’ म्हणतं. त्याबद्दल इंग्रजांना दोष देता येत नाही.

इथे एक गोष्ट माझ्या लक्षात उशिरा आली. शर्करा म्हणजे खडे. खंड म्हणजे तुकडा. गुळाचं मूळ ‘गुड’ म्हणजे गोळा. तिन्ही नावांत गोडीचा मागमूस नाही! ज्यांनी ही नावं ठेवली त्यांनी चव नाही सांगितली. हाताला काय लागलं ते सांगितलं. आपण अजून ‘ढेप’ म्हणतोच की. इंग्रजीत ‘साखर’ आणि ‘गोळी’ या अर्थाचे रोजचे शब्द म्हणजे मुळात आपल्याकडचे खडे आणि तुकडे.

१०. पण जुन्या इंग्रजी कागदांत ‘तांदळाच्या इतक्या कँडी’ असं वाचलं. तांदळाची कँडी काय प्रकार आहे?

ही कँडी वेगळी. ती आपली खंडी, वजनाची आणि मापाची. मराठी ‘खंडी’चं पोर्तुगिजांनी ‘कांदील’ केलं आणि इंग्रजांनी ‘कँडी’. स्पेलिंग हुबेहूब मिठाईचंच, म्हणून घोळ होतो. मुंबईची खंडी वीस मणांची, इंग्रजी हिशेबानं ५६० पौंड. मद्रासची ५०० पौंड. गोव्यात भाताची खंडी वीस कुडवांची. जुन्या जाणत्यांना शेताचं उत्पन्न अजून खंडीतच सांगता येतं.

ओळखायची युक्ती सोपी आहे. शब्दाआधी आकडा आणि नंतर मिरी, भात, कापूस, काथ्या असं काही असेल तर खंडी. ‘साखरेची कँडी’ असं सापडलं तर मात्र आजूबाजूच्या चार ओळी वाचल्याशिवाय भाषांतर करू नका. तिथे दोन्ही शक्य असतं.

११. गोव्यात ‘गोड’ म्हणजे गूळ का? मराठीत तर ते विशेषण आहे.

कोंकणीत दोन्ही. ‘गोड’ म्हणजे गूळ आणि ‘गोड’ म्हणजे मधुर. वाक्यात कळतं, नाही कळलं तर घोटाळा.

आमच्या घरातला सांगतो. बायको सांगलीकडची. लग्नानंतरची पहिली नागपंचमी, आई हळदीच्या पानांत पातोळ्या थापत होती, चुनासाठी, म्हणजे आतल्या सारणासाठी, नारळ खवलेला. आई म्हणाली, ‘मातशें गोड हाड गो,’ म्हणजे जरा गूळ आण गं. बायको कपाटातून पेढ्यांचा पुडा घेऊन आली आणि आईसमोर उघडून धरला. आईनं एकदा पुड्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, मग एक पेढा उचलून तोंडात टाकला आणि स्वतःच उठून गूळ आणला. आजही घरात कुणी काही चुकीचं समजलं की ‘पेढो हाडलो’ म्हणतात.

मराठीत ‘गूळ’ आणि ‘गोड’ हे दोन वेगळे झाले; कोंकणीत वस्तू आणि चव एकाच नावाखाली नांदतात.

१२. दोस, दोदोल, पेराद: ही नावं पोर्तुगीज की आपली?

एकेकाचं वेगळं आहे.

‘दोस’ सरळ पोर्तुगीज. ‘दोसे’ म्हणजे गोड, मिठाई. मूळ लॅटिन ‘दुल्किस’. इंग्रजी ‘डल्सेट’ त्याचंच लेकरू. आपला दोस मात्र चण्याची डाळ आणि खोबऱ्याचा. नाव लिस्बनचं आणि माल शेताभाटातला. औषधाच्या ‘डोस’शी संबंध नाही, तो ग्रीक शब्द ‘देणे’ या अर्थाचा.

‘दोदोल’ पोर्तुगीज नाही. हा पदार्थ आणि नाव मलाय मुलखातलं. मलाक्का १५११ ते १६४१ पोर्तुगिजांकडे होतं, गोव्याची जहाजं तिथे जात-येत. तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाचं गोड इथेही होतंच, त्यामुळे त्याला परकेपणा जाणवला नसावा.

‘पेराद’ म्हणजे पेरूची वडी. पोर्तुगीज ‘पेरा’ म्हणजे नासपती आणि ‘पेरादा’ म्हणजे तिचा मुरांबा-वडी. इथे नासपती कुठली? पेरू होता. तो कोंकणीत ‘पेर’ झाला आणि मराठीत ‘पेरू’. इंग्रजीत पेरादला ‘गुवाव्हा चीज’ म्हणतात, पण त्यात चीज नसतं. फळाचा गर घट्ट होईपर्यंत आटवलेल्या वडीला इंग्रजीत चीज म्हणायची जुनी रीत आहे. शाकाहारी मंडळी हा प्रश्न दर डिसेंबरात विचारतात.



१३. ‘मार्मलेड’ हे नाव आजारी राणी मेरीवरून पडलं ना?

नाही. गोष्ट अशी सांगतात की स्कॉटलंडची राणी मेरी आजारी असताना तिच्यासाठी हा पदार्थ करत, म्हणून फ्रेंचमध्ये ‘मारी मालाद’. पण मेरी जन्मली १५४२ मध्ये आणि शब्द इंग्रजीत १५व्या शतकापासून आहे. तो पोर्तुगीज ‘मार्मेलादा’चा. ‘मार्मेलो’ हे क्विन्स नावाचं फळ, त्याची आटवलेली वडी म्हणजे मार्मेलादा. आपल्या पेरादची थोरली बहीण. आणि ‘मार्मेलो’च्या मुळाशी ग्रीक ‘मेलिमेलोन’, म्हणजे मधाचं सफरचंद. संत्र्याचा मार्मलेड ही पुढची गोष्ट.

१४. भाषांतरात ‘ट्रिकल’, ‘मोलॅसिस’, ‘सिरप’ सगळ्याला काकवी लिहिलं तर चालेल?

सरसकट नाही. गूळ करताना घट्ट होण्याआधीचा, भाकरीशी खायचा पातळ रस म्हणजे काकवी. साखर कारखान्यात दाणे काढून उरलेला काळा चिकट द्रव म्हणजे मळी. मोलॅसिस बहुतेक वेळा मळी. खाण्याच्या संदर्भात ट्रिकलला काकवी जवळची. साखर किंवा गूळ पाण्यात विरघळवून उकळला तर पाक. सिरपला बहुधा तोच शब्द बसतो.

‘मोलॅसिस’ पोर्तुगीज ‘मेलासो’वरून, त्यात लॅटिन ‘मेल’ म्हणजे मध. ‘ट्रिकल’ची कथा फार वेगळी आहे. ग्रीकात ‘थेरिआके’ म्हणजे विषारी जनावराच्या दंशावरचा उतारा. मध्ययुगात ट्रिकल हे औषध होतं. म्हणूनच १५६८ च्या एका इंग्रजी बायबलमध्ये ‘गिलादात ट्रिकल नाही काय’ असं छापलं आहे आणि ते ‘ट्रिकल बायबल’ म्हणून ओळखलं जातं. कडू औषध गोड पाकात कालवून देत. औषध गेलं, पाक राहिला. १७व्या शतकाआधीच्या मजकुरात ट्रिकल दिसला तर ‘उतारा’ लिहा, काकवी नव्हे.

ज्यांना शब्दांचा छंद आहे त्यांच्यासाठी एक: संस्कृत ‘फाणित’ म्हणजे काकवीसारखा आटवलेला रस. तो फारसीत ‘पानीद’, अरबीत ‘फानीद’ आणि पोर्तुगिजात ‘अल्फेनिम’ झाला, पांढऱ्याशुभ्र साखरेच्या मिठाईचं नाव. पुढचा ‘अल’ कुठून आला ते प्रश्न ५ मध्ये.

१५. ‘हनी’ आणि ‘मधु’ यांचं काही नातं? आणि आपण मधुमेहाला ‘शुगर’ का म्हणतो?

‘हनी’चं नाही, तो जर्मानिक कुळातला शब्द. ‘मधु’चा भाऊ इंग्रजीत आहे तो ‘मीड’, मधाची दारू. रशियनमध्ये अस्वलाला ‘मेद्वेद’ म्हणतात, म्हणजे मध खाणारा; त्यातलं ‘मेद’ हे आपलं ‘मधु’.

‘मधुमेह’ आणि वैद्यकीय ‘डायबिटीस मेलिटस’ यांत दोन्हीकडे मधच आहे. ‘मेलिटस’ म्हणजे मधाळ. बोलताना मात्र ‘त्यांना शुगर आहे’ हेच रुळलं आहे, आणि ते काढून टाकायचा खटाटोप मी करत नाही. ‘ग्लुकोज’ ग्रीक ‘ग्लिकिस’ म्हणजे गोड यावरून. त्याच ‘ग्लिकिस’ला ‘मूळ’ या अर्थाचा शब्द जोडून ‘लिकरिस’ झालं, आपलं ज्येष्ठमध. संस्कृतात ते ‘यष्टिमधु’, गोड काठी. नातं नसताना दोघांनी एकाच वनस्पतीकडे पाहून तेच म्हटलं.

१६. ‘सॅकरीन स्माइल’चं मराठी काय करू? ‘साखरेसारखं हास्य’ बरं वाटत नाही.

वाटणारच नाही, कारण मराठीत साखर अजून चांगलीच वस्तू आहे. ‘तुझ्या तोंडात साखर पडो’ हा आशीर्वाद आहे. इंग्रजीत ‘सॅकरीन’ म्हणजे अंगावर येणारी, खोटी गोडी. तिथे ‘गुळचट’ हा शब्द बसतो. गुळचट हसू, गुळचट कविता. बोलण्याबद्दल असेल तर ‘साखरपेरणी’. म्हणजे शुगरच्या कुळातल्या विशेषणाला आपल्याकडे गुळाकडे जावं लागतं. गुळावर हा थोडा अन्यायच आहे. ‘डल्सेट’ आवाजासाठी ‘मंजुळ’ पुरे.

१७. ‘जॅगरी’ आणि गोव्यातला ‘जागर’ यांचा संबंध आहे का?

नाही. जागर म्हणजे रात्रभर जागून होणारं लोकनाट्य, ‘जागणे’वरून. रोमी लिपीत दोन्ही सारखे दिसतात म्हणून प्रश्न येतो.

१८. हिंदीत साखरेला ‘चीनी’ आणि खडीसाखरेला ‘मिसरी’ का?

चीनची ती चीनी, मिसरची म्हणजे इजिप्तची ती मिसरी. जिने जगाला ‘शुगर’ दिली त्याच भूमीत दोन प्रकारच्या साखरेला परदेशांची नावं. मराठीनं ‘साखर’ सोडली नाही.

१९. माझं म्हापशाला दुकान आहे. पाटीवर काय लिहू?

देवनागरीत ‘माडाचा गूळ’ किंवा ‘माडाचें गोड’. ‘जॅगरी’ देवनागरीत लिहून कुणाचाच फायदा नाही. ज्याला ती अक्षरं वाचता येतात त्याला गूळ कळतो. रोमी अक्षरांत पर्यटकासाठी ‘कोकोनट जॅगरी’ चालेल. पण ढेपीत उसाचा गूळ मिसळलेला असेल तर माडाचं नाव लावू नका. दोदोल करणाऱ्या बायकांना ढेपीचा कोपरा मोडून वास घेतल्याबरोबर कळतं, आणि त्या तुमच्याशी वाद घालत नाहीत; पुढच्या शुक्रवारी सरळ शेजारच्या दुकानात दिसतात.